जुन्या रेडिओच्या पेटीत ब्लूटूथ बसवतोय, ॲम्प्लिफायर कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून खाली काढलाय. आतल्या वायरिंगचा उंदरांनी पार निकाल लावलाय, पण पेटी आणि कापडामागचा सहा इंची स्पीकर धड आहे. पेन्सिल सेल टेकवला की खर्र करतो. त्यात ब्लूटूथ बसवून आईला द्यायचाय. सकाळी अभंग आणि दुपारी बातम्या, एवढंच तिचं ऐकणं. खोली दहा बाय बारा.

राउटरचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर पडून आहे, तोच वापरीन म्हणतो. एलएम३८६ ही ॲम्प्लिफायरची छोटी आयसी (चिप) लावून पाहिली, आवाज चढवला की फाटतो. पीएएम८४०३ चा छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड होता, तो पाच व्होल्टचा हे विसरून बारा दिले. वास आला, विषय संपला. पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचा एक दुकानदार म्हणतो, 'टीपीए३११६ चा ॲम्प्लिफायर घ्या साहेब, पन्नास-पन्नास वॅट!'

पण खरी अडचण पुढेच आहे. स्पीकर मीटरवर ०.७ ओहम दाखवतो. इतक्या कमी ओहमचा स्पीकर असतो का? आता काहीही जोडायची भीती वाटते.

प्रतिसाद १
स्पीकरला अजून आऊटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) लागलेला असणार. त्याची सेकंडरी, म्हणजे स्पीकरकडची गुंडाळी, जाड तारेचे मोजके वेढे असते, ते स्पीकरच्या कॉइलला समांतर येतात आणि मीटर फसतो. एक वायर सोडवा, मग मोजा.

पन्नास वॅट कशाला? त्या रेडिओचा आऊटपुट व्हॉल्व्ह जेमतेम चार-पाच वॅट द्यायचा आणि अख्खा वाडा ऐकायचा. तुम्ही टीडीए२००३ घ्या. गाडीच्या रेडिओसाठी बनलेली पाच पायांची आयसी, मोनोच (एकाच स्पीकरची) आहे, १२ व्होल्टवर खूश. ४ ओहमला तीनेक वॅट स्वच्छ मिळतील. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवाच, आयसीच्या पाठीचा पत्रा ग्राउंडलाच (सप्लायच्या ऋण बाजूला) असतो, त्यामुळे मधे वीजरोधक अभ्रक लागत नाही. आणि ब्लूटूथच्या डाव्या-उजव्या आवाजाच्या वायरी थेट एकत्र पिळू नका, दोन्हींत एक-एक १ के (हजार ओहम) रेझिस्टर घालून मग एकत्र करा.

धागाकर्ता
सोडवला, ३.४ ओहम! म्हणजे चारचाच. टीडीए२००३ लावला, अर्ध्या व्हॉल्यूमलाच खोली भरते. पण गाणं थांबलं की मागे किर्रर चालू असते, फोन जोडताना तर जास्तच. ब्लूटूथ मॉड्यूल वेगळ्या बॅटरीवर चालवलं की एकदम गप्प.

प्रतिसाद २
मग आयसी निर्दोष आहे, ग्राउंडमधून येतंय. मॉड्यूलचा करंट आणि ऑडिओ एकाच ग्राउंडवरून परततायत. मॉड्यूलच्या पाच व्होल्टच्या वाटेत बी०५०५एस टाका. आत-बाहेरचं ग्राउंड वेगळं ठेवणारी छोटीशी काळी डबी असते. दोन्हीकडची ग्राउंडं मात्र तुम्हीच जोडून टाकू नका. हा घोळ मी केलाय.

धागाकर्ता
उद्या परत तपकीर गल्ली. बाकी आई विचारतेय, पूर्वीसारखा तो हिरवा डोळा (स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा) पेटणार का? त्याचं कुणी काही केलंय?