केरळचे बंपर तिकीट पुण्यात बसून घेता येते का?

पेठकर:
मंडईजवळच्या एका टपरीवरून माझे वडील कित्येक वर्षे महाराष्ट्र राज्य लॉटरीचे तिकीट घेतात आणि सोडतीपर्यंत ते बँकेच्या पासबुकात, घडी न घालता जपून ठेवतात. गेल्या आठवड्यात त्यांना व्हॉट्सॲपवर केरळच्या ओणम बंपरच्या, म्हणजे सणाच्या मोठ्या बक्षिसाच्या सोडतीच्या, तिकिटाचा फोटो आला. पैसे पाठवा, तिकीट आमच्याकडे सुरक्षित राहील, असे खाली लिहिले होते. त्यातच लंडनचा माझा भाचा म्हणतो की तिथल्या बक्षिसावर कर नाही, आजोबांनी पैसे पाठवले तर तो तिकडे तिकीट काढेल. यातले कायदेशीर काय आहे, आणि सोडत खरी असते हे कशावरून मानायचे?

कज्जेदलाल:
आपल्याकडे जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असला, तरी राज्य सरकारांच्या लॉटऱ्या राज्यघटनेने केंद्र सूचीत ठेवल्या आहेत आणि त्यांच्यासाठी 1998 चा लॉटरी नियमन कायदा आहे. तिकिटावर राज्याची मुद्रा हवी, सोडत राज्यातच आणि राज्यानेच काढली पाहिजे, एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत नको, बंपर वर्षाला सहापेक्षा जास्त नकोत आणि एक अंकी आकड्यावर बक्षीस नको, अशा त्याच्या अटी आहेत. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मटका आणि लॉटरी यांच्यातली भिंत तीच आहे.

केरळची तिकिटे कागदी असतात आणि ती केरळमध्येच विकली जातात. तिथे जाऊन कोणीही विकत घेऊ शकतो, तमिळनाडूचे लोक सीमा ओलांडून घेतातही. पण ऑनलाइन विक्री नाही. बक्षीस मागताना मूळ तिकीट 30 दिवसांत हजर करावे लागते. त्यामुळे ज्याच्या हातात कागद त्याचे बक्षीस. तुमच्या वडिलांच्या हातात फक्त फोटो असेल, आणि तोच फोटो आणखी किती जणांना गेला असेल ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

भाच्याच्या सूचनेत वेगळी अडचण आहे. लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवण्यास परकीय चलनाच्या नियमांनी सरळ मनाई आहे. त्याने स्वतःच्या पैशाने तिकीट काढले तर ते त्याचे, आजोबांचे नव्हे.

गणितवेडा:
करमुक्तीचे आकर्षण समजते, पण तुलना शक्यतेचीही व्हावी. ब्रिटनच्या लोट्टोत 59 आकड्यांतून सहा जुळवायचे असतात, म्हणजे पहिल्या बक्षिसाची शक्यता 4,50,57,474 मध्ये एक. अमेरिकेच्या पॉवरबॉलमध्ये ती 29 कोटी 22 लाखांत एक इतकी खाली जाते, आणि विजेता न निघाल्याने रक्कम साठत जाते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ती 2 अब्ज डॉलरच्या वर गेली होती. उलट स्पेनच्या 22 डिसेंबरच्या सोडतीत 00000 ते 99999 असे एक लाखच क्रमांक असतात आणि विक्रीच्या 70 टक्के रक्कम बक्षिसांत जाते. एका पिंपातून क्रमांक, दुसऱ्यातून बक्षीस, आणि सान इल्देफोन्सो शाळेची मुले दोन्ही गाऊन सांगतात. गाणे लांबते, पण लबाडीला जागा कमी राहते.

केरळच्या ओणम बंपरच्या 25 कोटींच्या पहिल्या बक्षिसाचे गणितही ऐका: 10 टक्के एजंटाचे कमिशन आणि उरलेल्यावर 30 टक्के कर गेला की 15 कोटी 75 लाख राहतात, अधिभार आणि उपकर त्यातूनच.

जुना यंत्रज्ञ:
सोडतीवर भाबडा विश्वास नको, कारण घोटाळे झाले आहेत. 1980 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या तीन आकडी लॉटरीत 4 आणि 6 सोडून बाकी चेंडूंमध्ये सुईने रंग भरून ते जड केले होते. जड चेंडू हवेच्या झोताने वर येईनात आणि 666 निघाला. ठरावीक आकड्यांवर अचानक मोठ्या खरेदी झाल्याने संशय बळावला आणि सोडतीच्या टीव्ही सूत्रसंचालकालाच शिक्षा झाली. पुढे संगणक आले, तर अमेरिकेतल्या लॉटरी संघटनेच्या एडी टिप्टन नावाच्या सुरक्षाप्रमुखाने आकडे काढणाऱ्या प्रणालीतच स्वतःची आज्ञावली घुसवली. म्हणून मला पंचांसमोर फिरणारे यंत्र अधिक पटते: निदान चेंडू तोलून पाहता येतो.

पेठकर:
आभारी आहे. वडिलांनी तो फोटो पुन्हा पाहिला, तेव्हा तिकिटाचा शेवटचा आकडा अंगठ्याखाली झाकलेला आढळला. पैसे पाठवलेले नाहीत.