ड्रिबलिंग नंतर आलं

चेंडूचे टप्पे देत पळणं, म्हणजेच ड्रिबलिंग, हा बास्केटबॉलचा पहिल्यापासूनचा गाभा, असं म्हटलं जातं. ते बरोबर नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी जे १३ नियम लिहिले, त्यात चेंडू घेऊन पळायलाच मनाई होती. झेलला तिथूनच फेकायचा! बंद व्यायामशाळेत अंगावर धावून जाणं, पाडापाडी टळावी म्हणून. पुढे कोंडीत सापडलेले खेळाडू चेंडू खाली टाकून पुन्हा उचलू लागले आणि त्यातून ड्रिबलिंग रुजलं. खेळाडूंनी स्वतः शोधलेली वाट, म्हणून मला तिचं फार अप्रूप आहे.

तेव्हा रिंगच्या जागी टोपल्या होत्या, पीच फळांच्या, गॅलरीच्या कठड्याला ठोकलेल्या. बुडं शाबूत, त्यामुळे चेंडू पडला की वर चढून काढायचा. कठडा १० फुटांवर होता. रिंगची उंची आजही तेवढीच आहे.