ट्रेनिंग झालं, सह्या झाल्या, हात तसेच

नवी_इन्चार्ज:
इथे कोणी इन्फेक्शन कंट्रोलमधलं आहे का? इंदूरला प्रायव्हेट हॉस्पिटलात सिस्टर आहे, मागच्या महिन्यात हे काम गळ्यात पडलं. पहिलं ट्रेनिंग घेतलं, हात कधी धुवायचे ते पाच मोमेंट्स पीपीटीवर दाखवले, सगळ्यांनी सह्या केल्या, कचोरी खाल्ली आणि तासाभरात बघते तर एका पेशंटचं ड्रेसिंग करून त्याच ग्लव्हजने शेजारच्याचं सलाईन बदलणं चालू. गंमत म्हणजे हॉस्पिटलच्या कचऱ्याची पिवळी-लाल पिशवी कोणी चुकत नाही, घरी कचरागाडीचं गाणं ऐकून ओला-सुका करायची सवय आहे ना. हातांपाशीच गाडी अडते. काय करू?

आयसीयूवाली_ताई:
अगं पीपीटी सोड. यूव्हीत चमकणारं जेल मिळतं, ते हाताला चोळून नेहमीसारखे हात धुवायला लाव आणि अंधार करून यूव्ही टॉर्च मार, जिथे नीट धुतलं नाही तिथे चमकतं. आमच्या सगळ्यात सीनियर सिस्टरचे दोन्ही अंगठे आणि अंगठीखालची जागा लखलखत होती, बिचारी बघतच राहिली, तेव्हापासून ड्यूटीवर अंगठी पर्समध्ये. साबणाने ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलच्या हँडरबने २० ते ३०, हे त्यानंतर सांग, मग डोक्यात शिरतं. आणि सी डिफ या आतड्यातल्या जंतूच्या जुलाबाला रबवर भागवू नका, त्याचे स्पोर (टणक बीजाणू) अल्कोहोलने मरत नाहीत, साबण-पाणीच.

भूलवाला:
रबची बाटली कुठे आहे ते बघितलंत का? आमच्याकडे दाराशी होती, दर पेशंटमागे दारापर्यंत कोण जाणार, बेडला अडकवली तेव्हा वापरायला लागले. आणि आधी कन्सल्टंटना, म्हणजे मोठ्या डॉक्टरांना धरा. सरच राऊंडला तसेच हात लावत सुटले तर सिस्टर का ऐकतील? १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले ते डॉक्टर आणि विद्यार्थ्यांनाच, मुडदे चिरून तसेच बाळंतिणीकडे यायचे. मृत्यू धडाधड कमी झाले तरी मोठ्या डॉक्टरांना पटलं नाही, तेव्हाही!

जुना_ब्रदर:
वॉर्डबॉय आणि मावशींना पण घ्या हो, आणि हिंदीत सांगा. ट्रॉलीवर नेताना लघवीची बॅग पेशंटच्या पोटावर ठेवतात, लघवी उलटी आत जाते. मी ट्रॉली अडवून, बॅग खाली लटकवून दाखवली, दोन मिनिटांचं काम.

नवी_इन्चार्ज:
जेल मागवते, ट्रॉलीचं उद्याच करते. पण सरांना कोण सांगणार? भूलवाले दादा, तुम्हीच येता का?

भूलवाला:
येतो की, छप्पन दुकानला पोहे खिलवा आधी.