१९ दिवसांचं बाळ झोपेत हातपाय उडवतंय, फिट तर नाही ना?

सिडकोची_लेक:
बाळंतपणाला नाशिकला माहेरी आलीये. मुलगा १९ दिवसांचा, दिवस पूर्ण भरून झालाय, दूध नीट पितो. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात फाकवून दचकतो ते समजू शकते, पण रात्री गाढ झोपेत कधी हात कधी पाय टकटक उडतात, अर्धा मिनिट तरी, आणि रडताना हनुवटी थरथरते. आई म्हणते सटवाई खेळवतेय, सासूबाई म्हणतात कांदा हुंगवा. मला झोप नाही. कुणाच्या बाळाला झालंय का असं?

पंचवटी_आई:
माझ्या लेकीला सेम!! तीन महिन्यांत आपोआप गेलं. कांदा बिंदा नको गं, डोळे झोंबतील त्याचे.

नवजात_कक्षातली_सिस्टर:
दचकणं तर हवंच, चार-सहा महिन्यांत जातं. उलट एकच हात उघडत असेल तर दाखवायचं. हनुवटी थरथरते तेव्हा हलके हात धर, दूध दे, थांबली तर काळजी नको. झोपेतल्या झटक्यांना मात्र धरून बघू नकोस, कधीकधी धरल्याने वाढतात, त्याला सरळ उठव, जागं झाल्याबरोबर थांबले तर ते झोपेतलेच. फिट असेल तर धरून किंवा उठवून थांबत नाही, डोळे एकीकडे लागतात, ओठ चोखल्यासारखे चालतात, पाय सायकल मारल्यासारखे, कधी श्वास अडकून बाळ निळं पडतं. तसं काही दिसलं तर कुशीवर झोपव, तोंडात काही घालू नकोस, लगेच १०८ ला फोन. आणि एक, पुढे तीन-चार महिन्यांनी झोपेतून उठल्यावर ओळीने एकामागून एक दचकायला लागला तर त्याला सवय म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा.

गंगापूररोडचा_बाबा:
सिस्टरांशी सहमत, पण आमचा अनुभव वेगळा. दुसऱ्या दिवशी पोरगा थरथरत होता आणि दूधही ओढत नव्हता, घरचे म्हणाले थंडी वाजतेय, दुपट्यात गुंडाळा. तपासलं तर शुगर कमी. म्हणून सुस्त असेल, दूध सोडलं असेल, ताप असेल तर थांबू नका. आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांसमोर पोरं कधीच करत नाहीत!

सिडकोची_लेक:
आत्ता उडत होता, उठवलं, लगेच थांबलं. मग तासभर झोपला नाही ते वेगळं 😅 व्हिडिओ आहे, उद्या दाखवतेच. आईला कुकर लावायच्या आधी सांगायला सांगितलंय.