बोटीच्या जुन्या ट्रेलरचे ब्रेक बदलायचे आहेत: ड्रमच ठेवू की डिस्क बसवू?

नमस्कार मंडळी,

माझा बोट ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा आहे, वय साधारण २० वर्षं. बोट, इंजिन, पेट्रोल सगळं धरून मागे १४०० किलोच्या आसपास वजन येतं. ब्रेक सर्ज पद्धतीचे आहेत. गाडी मंदावली की ट्रेलर मागून रेटतो, त्या रेट्याने कपलरमधला (ट्रेलर गाडीला जोडणारा भाग) मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलचा मुख्य पंप, दाबला जातो आणि चाकांचे ब्रेक लागतात.

मागच्या महिन्यात एका उतारावर ब्रेक मारला आणि ट्रेलर डावीकडे ओढला गेला. रस्ता मोकळा होता म्हणून निभावलं. पण गाडीत मुलं बसली होती. त्या दिवसापासून ट्रेलर गाडीला जोडलेला नाही.

चाकं उतरवून पाहिलं. उजव्या बाजूच्या व्हील सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारा चाकातला भाग) पिस्टन जाम, एक स्प्रिंग तुटलेली, आणि एका शूचं (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारा भाग) लायनर, म्हणजे वरचा घासणारा थर, खालच्या गंजाने फुगून सुटलेलं. म्हणजे इतके दिवस एकाच चाकावर थांबत होतो. डावा ब्रेक चालतो, पण त्याच्या ड्रमलाही आतून खड्डे पडलेत. आता डागडुजी नको, दोन्ही बाजूंचं सगळं नवीन घालायचं हे ठरलंय. अडलंय ते काय घालायचं यावर.

सोपा मार्ग म्हणजे होते तसेच १० इंची ड्रम. बॅकप्लेट चार बोल्टवर आहे. शू, स्प्रिंग, सिलिंडर बसवलेली तयार प्लेट लावायची, पाइप जोडायचा, लाइनमधली हवा काढायची, झालं. मागे घेताना शू आपोआप ढिले पडतात, त्यामुळे रिव्हर्सलाही अडचण नाही. पण माझी बोट खाऱ्या पाण्यात जाते आणि बोट सोडताना चाकं पूर्ण बुडतात. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा. आत शिरलेलं पाणी आणि मीठ तिथेच बसतं, बाहेरून कितीही धुतलं तरी आतपर्यंत पोचत नाही. पुन्हा काही वर्षांनी हेच चित्र दिसणार, ही धास्ती आहे.

डिस्क उघडी असते, गोड्या पाण्याचा पाइप मारला की मीठ निघून जातं. मन तिकडेच ओढ घेतंय. मात्र वाचत गेलो तसं काम वाढत गेलं. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो चालत नाही, डिस्कला दाबणारे पॅड घासत राहतात आणि हब (चाकाचा मधला भाग) तापतं. डिस्कला दाबही जास्त लागतो. शिवाय मागे घेताना कपलर दाबला गेला की डिस्क लागणारच, म्हणून रिव्हर्सच्या दिव्यावर चालणारा सोलेनॉइड (तेवढ्यापुरता ब्रेकचा दाब अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि त्यासाठी पाचवी वायर हवी. थोडक्यात कपलरपासून सगळं बदलायचं.

इलेक्ट्रिक ब्रेकचा विचार सोडला, मॅग्नेट खाऱ्या पाण्यात बुडवायची तयारी नाही.

तर जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वजनाला डिस्कचा खटाटोप करण्यात अर्थ आहे का? आणि १३ इंची रिमच्या आत कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) मावतो का, की रिमला घासतो? कोणी स्वतः हा बदल केला असेल तर कृपया सविस्तर लिहा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

ब्रेक निवडण्याआधी स्पिंडल (अ‍ॅक्सलचं टोक, ज्यावर चाक फिरतं) बघा. हबचं ऑइल सील जिथे बसतं तो भाग स्वच्छ पुसा आणि त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर नवीन सीलही टिकणार नाही. आत पाणी जाईल, ग्रीस बाहेर येऊन लायनरवर किंवा पॅडवर पसरेल, आणि कुठलाही ब्रेक घातलात तरी तो धरणार नाही. खड्डे कमी असतील तर त्यावर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) चढवता येते, जास्त असतील तर अ‍ॅक्सलच बदला.

दुसरं, कपलर. त्याचा सरकता भाग अडकत असेल किंवा मास्टर सिलिंडर गळत असेल तर तो तसाही जाणार. मग निर्णय सोपा आहे, डिस्कचाच कपलर घ्या. कपलर ठणठणीत असेल आणि तुम्ही गोड्या पाण्यात जात असता तर मी ड्रमच सुचवले असते. खाऱ्या पाण्याला मी स्वतः डिस्कच घालतो. रिमचं म्हणाल तर कॅलिपर मावणं रिमच्या आतल्या आकारावर ठरतं, नुसत्या १३ आकड्यावर नाही. कॅलिपरची बाहेरची मापं मिळवा आणि रिम आतून मोजूनच ऑर्डर द्या.

शेवटी ड्रमच घेतलेत तर डावी-उजवी प्लेट वेगळी असते, अदलाबदल करू नका. आणि फ्रेमच्या आतून गेलेला लोखंडी ब्रेक पाइप विसरू नका. २० वर्षांचा असेल तर तो आधी काढा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. आजच पाहिलं. डावा स्पिंडल गुळगुळीत आहे, उजव्यावर सीलच्या जागी नख अडकतंय, एकाच ठिकाणी. कपलरची दांडी हाताने रेटली तर आत जाते पण परत येत नाही, आणि रबराच्या बुटात ब्रेक ऑइल साठलंय. म्हणजे कपलर गेलाच. डिस्क घेतो. उजव्या बाजूला स्लीव्ह पुरेल का, की इतका खर्च होतोच आहे तर अ‍ॅक्सलही बदलू? फोटो संध्याकाळी टाकतो.