तातडीचं: मागच्या जाळीवरची क्लेमॅटिसची वेल कोणत्या जातीची? शनिवारी जाळी निघणार

बुधवार, रात्री 9:12

नमस्कार मंडळी,
जाळीचे दोन्ही खांब बुडाशी कुजलेत, काकांनी परवा पाहिलंच. शनिवारी सकाळी सुतार येऊन नवी जाळी बसवणार. तिच्यावरची क्लेमॅटिस आम्ही लावलेली नाही, घराबरोबर आली. आम्ही जुलैअखेर राहायला आलो तेव्हा ती जांभळ्या फुलांनी भरली होती आणि त्याच वेळी पिसांसारखे बियांचे झुबकेही लागले होते. फोटो तेव्हाचा एकच आहे, तो जोडलाय. आता वर नुसता काड्यांचा गुंता.
गुडघाभर ठेवून बाकी सगळी कापली तर चालेल का? मरेल का? का यंदा फुलणारच नाही? जातीचं नाव कळलं तर ठरवायला सोपं जाईल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा, प्लीज.
— स.

बुधवार, रात्री 9:31

जॅकमनाय आहे. जांभळं, तळहाताएवढं फूल, चार-पाच पाकळ्या, दुसरं काही असूच शकत नाही. 1860च्या दशकापासून लोक लावतायत, जुन्या घरात हटकून सापडते. बेलाशक कापा. आमच्या फाटकावरची दर मार्चला फूटभर ठेवून छाटतो आणि दरवर्षी ती फाटक झाकून टाकते.
— द. काका

बुधवार, रात्री 10:05

रोपांचे प्रश्न बागकाम गटाच्या यादीवर टाकायचे असं सभेत ठरलं होतं. तिथली उत्तरं मी विषयवार लावून ठेवते. इथे आलेली चार दिवसांत हरवतात आणि मग तोच प्रश्न पुन्हा येतो. पुढच्या वेळी कृपया तिकडे.

आता सुरू झालंच आहे तर. काका, जांभळं म्हणजे जॅकमनाय असं नसतं. जॅकमनायचे पुंकेसर फिकट, हिरवट-पिवळट असतात. 'जिप्सी क्वीन'चं फूलही गडद जांभळं, पण परागकोश लालसर. 'एत्वाल व्हायोलेत'चा मधला झुबका पिवळट आणि फूल लहान. फोटोत नेमका मधला भाग सावलीत आहे, शिवाय फोनच्या कॅमेऱ्यात जांभळा रंग निळा दिसतो. या तिन्ही जाती जोरात छाटलेल्या चालतात, तिथवर ठीक. पण 'द प्रेसिडेंट'सुद्धा जांभळीच असते. ती आधी जुन्या फांदीवर मे-जूनमध्ये फुलते, मग उन्हाळा सरताना पुन्हा थोडी. जुलैअखेर फुलं आणि झुबके एकत्र दिसले म्हणजे पहिला बहर होऊन गेला असेल. तिला आत्ता गुडघ्यापर्यंत कापलं तर मरणार नाही, पण सुरुवातीची मोठी फुलं गेलीच समजा.
— बागकाम गटाकडून

बुधवार, रात्री 10:20

ताईंचं बरोबर आहे. आमची मोंटाना, तीही क्लेमॅटिसचीच जात, मी पहिल्याच वर्षी अशीच कापली होती. फेब्रुवारी होता, पसारा फार वाटला, म्हटलं नीटनेटकं करू. त्या वसंतात एक फूल आलं नाही. मोंटाना मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलते हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीतून नुसती पानं बघत बसायचे. पुढच्या वर्षी आली तेव्हा व्हॅनिलासारखा वास दारापर्यंत येत होता. तेव्हापासून तिला फुलून गेल्यावरच कात्री लावते, तीही जरुरीपुरती.
— मा. काकू

गुरुवार, सकाळी 7:50

पहिल्या मेलमधला फोटो 9 एमबीचा होता, सहा जणांना पोचलाच नाही. फोटो लहान करून पाठवावेत. गणपतीच्या वेळीही हेच झालं होतं.
— चिटणीस

गुरुवार, सकाळी 8:15

काका, एक दुरुस्ती. क्लेमॅटिसला पाकळ्या नसतात, आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती रंगीत निदलं. मोजली तर उपयोग होतो: मोंटानाला जवळजवळ नेहमी चार, 'द प्रेसिडेंट'ला आठच्या आसपास. फोटोतल्या डावीकडच्या फुलाला मला पाच दिसतात, म्हणजे 'द प्रेसिडेंट'ची शक्यता बरीच कमी होते. आणि त्या पिसांच्या झुबक्यांवरून आपली मोरवेल आठवली. तीही क्लेमॅटिसच आहे, बियांची शेपटी अगदी तशीच.
— नि.

गुरुवार, सकाळी 8:40

पाकळ्या म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. आणि पाच असतील तर जॅकमनायच.
— द. काका

गुरुवार, दुपारी 1:10

एका फोटोवरून नाव ठरवू नका. बी पडून आपोआप उगवलेली असेल तर तिला नावच नसेल, कारण संकरित क्लेमॅटिसचं बी आईसारखं निघत नाही. आणि कापण्यासाठी नाव लागत नाही. फूल कुठल्या फांदीवर आलं होतं एवढंच बघायचं, आणि ते आत्ताही दिसतं. झुबक्यांचे अवशेष अजून असतील. त्यातला एक धरा आणि त्याची फांदी खालपर्यंत बोटांनी मागे मागे न्या. फांदी जमिनीजवळून निघून एकाच वर्षात पुरुषभर वाढली असेल आणि फुलं टोकाकडे आली असतील, तर ती नव्या फुटव्यावर फुलते: कापा. झुबका वीतभर आखूड फांदीवर असेल आणि ती फांदी जुन्या जाड खोडातून निघाली असेल तर थांबा.
दुसरं, डोळे बघा. नव्या फुटव्यावर फुलणाऱ्या वेलीचा वरचा भाग मार्चमध्ये बहुतेक वाळलेला असतो आणि जिवंत डोळ्यांच्या जोड्या खाली असतात. हातमोजे घाला, क्लेमॅटिसच्या चिकाने कातडी चुरचुरते.
— वि.

गुरुवार, संध्याकाळी 6:35

बघून आले, अर्धा तास लागला. वि. दादांनी सांगितलं तसं केलं. पाच झुबके मागे नेले, पाचही फांद्या जमिनीपासून हातभर उंचीवर निघतात, बारीक, पिवळसर, आणि वर काडी मोडली की कोरडी तुटते. हिरवे डोळे फक्त खाली, समोरासमोर जोड्यांनी.
पण उजव्या टोकाला जे खोड आहे ते वेगळंच निघालं! अंगठ्याहून जाड, साल पट्ट्या-पट्ट्यांनी सुटतेय, आणि त्याच्या फांद्यांवर अगदी वरपर्यंत फुगलेले टपोरे डोळे. त्याच्यावर एकही झुबका नाही. मला इतके दिवस वाटायचं, एकच वेल आहे.
— स.

गुरुवार, संध्याकाळी 6:52

दोन आहेत! ते जाड खोड कापू नका, माझ्यासारखं करू नका. मोंटानाच असणार. तुम्ही जुलैत आलात, तोवर तिची फुलं कधीच होऊन गेलेली. वाळकी पानं अडकली असतील तर बघा, देठाला तीन-तीन आहेत का.
— मा. काकू

गुरुवार, संध्याकाळी 7:20

आहेत, तीन-तीन. कडा दातेरी.
— स.

गुरुवार, संध्याकाळी 7:48

मग मोंटाना धरून चाला. जुनं मोंटानाचं खोड बुडाशी कापलं तर पुन्हा फुटेलच याची खात्री नसते, म्हणून ते वाचवायलाच हवं. जांभळी शुक्रवारीच कापून घ्या, प्रत्येक फांदीवर खालून सशक्त डोळ्यांची दुसरी किंवा तिसरी जोडी सोडून. ती निघाली की गुंता मोकळा होईल. मोंटाना जाळीपासून सोडवताना ओढू नका. क्लेमॅटिस पानाच्या देठांनी वेटोळं घालून धरते, ते वाळके देठ कात्रीने एकेक तोडा. मग अख्खी वेल खाली घेऊन सतरंजीवर आडवी ठेवा.
ही माहिती मी गटाच्या नोंदीत 'जांभळी, नाव बाकी' म्हणून घालते. फुलली की परागकोशांचा जवळून फोटो पाठवा, या वेळी उजेडात.
— बागकाम गटाकडून

गुरुवार, रात्री 8:05

आमची एकदा मर रोगाने आठवड्यात काळी पडली होती, आम्ही उपटून टाकली. नंतर कळलं, जमिनीखालून पुन्हा फुटते. मोंटाना सोडवताना एखादी फांदी मोडली आणि कोमेजली तर ती मर समजून घाबरू नका, आणि मुळं तर अजिबात उपटू नका.
— नि.

गुरुवार, रात्री 8:30

शनिवारी 8 वाजता मी येतो. खोड धरायला दोघं तरी लागतील. नाव जॅकमनायच निघेल, मला खात्री आहे, पण कापायची पद्धत ताई म्हणतात तीच बरोबर.
— द. काका

गुरुवार, रात्री 8:41

मीही येते, सतरंजी आणते. काका, कात्री धार लावून आणा.
— मा. काकू