हॉर्न आधी थांबवा की धूळ?

साकीनाका दुसरा मजला:
आमचं घर अंधेरी-कुर्ला रोडला लागून, खिडकीसमोर मेट्रोचा पूल. सिग्नल सुटायच्या आधीच खाली हॉर्न सुरू होतात आणि पुलाखाली कोंडलेला आवाज थेट घरात येतो. बाबांना दमा आहे. खिडकी उघडली की धूळ आणि कलकलाट, लावून घेतली की जीव गुदमरतो. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या नियमांपासून आहे. विनाकारण हॉर्नला पहिल्या वेळी १००० रुपये दंडही कायद्यात आहे. हवा सुधारायला वर्षं लागतील, हॉर्न उद्यापासून बंद होऊ शकतो. सुरुवात तिथून करा.

मरोळचा:
ताई, माझे वडील २२ वर्षं याच रोडवर रिक्षा चालवतात. एक लेन पार्किंगने खाल्लेली, दुसरीत खोदकाम, फुटपाथवर जागा नाही म्हणून माणसं गाड्यांमधून चालतात. हॉर्न दिला नाही तर गाडी कुणाच्या तरी अंगावर जाईल. दिवसाचे बारा तास तो आवाज त्यांच्याही कानात जातो, आता एका कानाने कमी ऐकू येतं. आधी फुटपाथ मोकळे करा, मग दंडाचं बोला.

साकीनाका दुसरा मजला:
वडिलांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण माणूस आडवा आला म्हणून दिलेला हॉर्न वेगळा आणि लाल दिव्याला उभं राहून वाजवलेला वेगळा. माझा राग त्या दुसऱ्या हॉर्नवर आहे. २०२० च्या सुमारास वाहतूक पोलिसांनी पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा ठिकाणी प्रयोग केला होता: आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. तसं यंत्र साकीनाक्याला कायमचं हवं.

चेंबूरकर:
हॉर्न थांबले तरी बाबांच्या छातीला काय फरक पडणार? हिवाळ्यात समुद्रावरचं वारं मंदावलं की धूळ शहरातच राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने ७० मीटरपेक्षा उंच बांधकामांना ३५ फुटी पत्रे आणि राडारोड्याच्या गाड्या झाकणं सक्तीचं केलं. आमच्या समोर पत्रे लागलेत, पण डंपर रोज ताडपत्रीशिवाय बाहेर पडतो. अडवायला गेटवर कुणी नसतं. मी दंडाची सुरुवात तिथून करेन.

मरोळचा:
डंपरचं शंभर टक्के खरं, तीच धूळ वडील दिवसभर खातात. ताई, लाल दिव्याचं तुमचं म्हणणंही मान्य. फक्त यंत्रच लावा. पावतीबुक घेऊन माणूस उभा केला की आधी रिक्षाच बाजूला घेतली जाते, मागची मोठी गाडी हॉर्न वाजवत निघून जाते.